मागच्या सीटवरचा

परवा जेवताना आमच्या चिरंजीवांनी हळूच विषय काढला. त्याच्या एका मित्राने जुनी मोटारसायकल घेतली आहे. मित्र १८ वर्षांचा, रीतसर लायसन्सवाला. शनिवारी त्याच्याबरोबर फॉल्सम लेकपर्यंत जायचंय.

"बाबा, मी चालवणार नाहीये. नुसता मागे बसणार आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. कारण त्या 'नुसता मागे बसणार आहे'ने मला एकदम दोन गोष्टी आठवल्या. एक आमच्या साताऱ्याची, माझ्यावर गेलेली. दुसरी आम्ही राहतो त्याच काउंटीतली, आम्ही इथे येण्याच्या कितीतरी आधीची. चिरंजीव १६ वर्षांचे, मित्र १८ चा. त्या दुसऱ्या गोष्टीतही नेमकी हीच वयं आहेत.

आधी दुसरी सांगतो.

२२ मे १९९०. सॅक्रॅमेंटो काउंटी, कॅलिफोर्निया. संध्याकाळचे साडेआठ. कुठेतरी मारामारी चालली होती म्हणून दोन पोलीस गेले होते, एक शहर पोलीस आणि एक काउंटीच्या शेरिफचा डेप्युटी. काम आटोपून परत गाडीकडे येताना त्यांना एक मोटारसायकल भरधाव येताना दिसली. चालवणारा १८ वर्षांचा, मागे १६ वर्षांचा मुलगा. मारामारीशी दोघांचा काडीचाही संबंध नव्हता. शहर पोलिसाने दिवे लावले, ओरडून थांबायला सांगितलं, आणि आपली गाडी डेप्युटीच्या गाडीच्या जवळ घेऊन वाट अडवायचा प्रयत्न केला. मुलाने दोन गाड्यांच्या फटीतून मोटारसायकल हळूच काढली आणि पिळला कान!

डेप्युटीने सायरन लावला, गाडी वळवली आणि मागे लागला.

हा पाठलाग चालला ७५ सेकंद. चहाला आधण ठेवावं आणि उकळी यायच्या आत संपावा, इतकाच. पण तेवढ्यात १.३ मैल अंतर कापलं गेलं, तेही वस्तीतून. मोटारसायकल समोरून येणाऱ्या गाड्यांतून नागमोडी जात होती. दोन मोटारी आणि एका सायकलवाल्याला रस्ता सोडून बाजूला व्हावं लागलं. वेग काही ठिकाणी ताशी १०० मैलांपर्यंत, म्हणजे १६० किलोमीटर. पोलिसाची गाडी कधी कधी मोटारसायकलच्या फक्त १०० फूट मागे होती. त्या वेगाला ती थांबवायला ६५० फूट लागले असते. हे आकडे कोर्टाच्या निकालातच दिले आहेत. मला विचाराल तर सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे, १०० आणि ६५०.

डावीकडे झटकन वळायच्या प्रयत्नात मोटारसायकल आडवी झाली. चालवणारा बाजूला फेकला गेला, वाचला. मागे बसलेला रस्त्यातच राहिला. डेप्युटीने ब्रेक दाबले, पण गाडी घसरत ताशी ४० मैलांनी त्याच्यावर आदळली. तो ७० फूट दूर फेकला गेला आणि जागेवरच गेला.

त्याच्या आईवडिलांनी दावा लावला. राज्याच्या कायद्याने मार्ग बंद होता. कॅलिफोर्नियात पाठलाग करणाऱ्या पोलिसाला व्यक्तिशः नुकसानभरपाईतून संरक्षण आहे, आणि खात्याने पाठलागाचं लेखी धोरण केलेलं असेल तर खात्यालाही. मग उरली राज्यघटना. 'कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कुणाचा जीव घेता येणार नाही' असं तिथलं कलम सांगतं. खालच्या कोर्टाने डेप्युटीच्या बाजूने निकाल दिला, अपील कोर्टाने तो फिरवला, आणि शेवटी प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 'काउंटी ऑफ सॅक्रॅमेंटो विरुद्ध लुईस'. निकाल लागला २६ मे १९९८ ला. मुलाला जाऊन आठ वर्षं झाली होती.

निकाल न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा रागाने वाचला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा राग थोडा उतरला, आणि अस्वस्थता वाढली.

सूटर यांचं म्हणणं थोडक्यात असं. तुरुंगातल्या अधिकाऱ्याला कैद्याच्या औषधपाण्याचा विचार करायला सवड असते. त्याने दुर्लक्ष केलं तर ते मुद्दाम केलेलं दुर्लक्ष ठरू शकतं. पाठलागातल्या पोलिसाला निर्णय क्षणात घ्यावा लागतो. मुलाला वेगाने गाडी चालवायला त्याने लावलेलं नव्हतं, पळायलाही त्याने सांगितलेलं नव्हतं. म्हणून अशा वेळी प्रश्न एकच विचारायचा. त्याचा हेतू इजा करण्याचा होता का? तसा हेतू नसेल तर त्याचं वागणं अविचारी असेल, खात्याच्या स्वतःच्या नियमात बसत नसेल, तरी ते घटनेच्या दृष्टीने 'सदसद्विवेकबुद्धीला हादरा देणारं' ठरत नाही. नऊच्या नऊ न्यायाधीशांना हा शेवट मान्य होता, फक्त काहींची कारणं वेगळी होती.

यात एक गंमत आहे (गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही). १९८९ च्या एका प्रकरणात पोलिसांनी पळणाऱ्या गाडीला अडवायला वळणापलीकडे रस्त्यावर मालवाहू ट्रक आडवा लावला होता. गाडी त्यावर आदळून चालक मेला. तिथे कोर्ट म्हणालं, ट्रक मुद्दाम लावला म्हणजे ही अटकच झाली, तेव्हा ती वाजवी होती की नाही हे तपासलं पाहिजे. आमच्या काउंटीतल्या मुलाला गाडी लागली ती चुकून, म्हणून ती अटक नाही, आणि म्हणून वाजवीपणाचा प्रश्नच येत नाही. मुद्दाम धडक दिली असती तर कसोटी कडक, चुकून दिली तर सैल. कायद्याच्या तर्काने हे बरोबर आहे. त्या आईबापांनी ते कसं ऐकलं असेल, देव जाणे.

आणि मागच्या सीटवरचा? सबंध युक्तिवाद चालवणारा आणि पोलीस यांच्याबद्दल आहे. एकाने पळायचं ठरवलं, दुसऱ्याने मागे लागायचं ठरवलं. तिसऱ्याने काहीच ठरवलं नव्हतं. त्याच्या हातात ना हँडल होतं, ना ब्रेक. तो नुसता मागे बसला होता.

मग याने काहीच बदललं नाही का? कोर्टाने नाही बदललं. पण बदल दुसऱ्या दाराने येत होता, आणि तो काही ठिकाणी आधीच सुरू झाला होता.

मायामीच्या आसपासच्या मेट्रो-डेड पोलिसांनी १९९२ मध्ये नियम केला की हिंसक गंभीर गुन्हा असेल तरच पाठलाग करायचा. त्या वर्षी त्यांचे २७९ पाठलाग झाले होते, पुढच्या वर्षी ५१. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराने १९९३ मध्ये उलटं केलं, पाठलागाची मोकळीक वाढवली. तिथे १७ चे १२२ झाले. ही तुलना मांडणारे संशोधक जेफ्री आल्पर्ट यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. पळून गेलेल्या आणि पुढे पकडलेल्या लोकांना तुरुंगात जाऊन विचारलं, पोलीस मागे हटले असते तर तुम्ही काय केलं असतं? साधारण ७० टक्के म्हणाले, वेग कमी केला असता. म्हणजे पळणारा पळतो याचं एक मोठं कारण त्याच्या मागे कुणीतरी लागलेलं असतं हेच.

मोटारसायकलच्या बाबतीत तर हे दुपटीने खरं. मोटारीला पोलीस मागच्या चाकाजवळ हलका धक्का देऊन गरकन फिरवतात आणि थांबवतात. दुचाकीला तोच धक्का म्हणजे जिवावरच बेतणं. टायर पंक्चर करायला रस्त्यावर टाकतात त्या खिळ्यांच्या पट्ट्याही बहुतेक खात्यांच्या नियमांत दुचाकीसाठी वर्ज्य असतात. दुचाकी गाड्यांच्या रांगांमधून निसटते, पोलिसाची मोटार निसटू शकत नाही. ज्याला थांबवायचंय त्याला न मारता थांबवायचा उपाय पोलिसाच्या हातात जवळपास नसतोच. उरतं ते नंबर टिपणं, वायरलेसवर कळवणं, हेलिकॉप्टर असेल तर वरून लक्ष ठेवणं, आणि नंतर घरी जाऊन दार वाजवणं.

कॅलिफोर्नियात तो कागदी धोरणाचा मुद्दाही पुढे आला. धोरण नुसतं लिहून ठेवलं की खात्याला संरक्षण, मग कुणी ते वाचो न वाचो, हे कसं काय? २००२ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने नाराजीनेच खात्याच्या बाजूने निकाल दिला आणि विधिमंडळाला कायदा पुन्हा बघायला सांगितलं. कायदा २००५ मध्ये बदलला, जुलै २००७ पासून लागू झाला. आता दरवर्षी प्रशिक्षण द्यायचं, आणि प्रत्येक पोलिसाने धोरण वाचलं, समजलं अशी सही करायची. सहीने माणूस वाचतो असं नाही. पण सायरन लावायच्या आधी निदान एकदा शांत डोक्याने विचार झालेला असतो.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते एकतर्फी होईल. लंडनमध्ये २०१७ च्या सुमारास मोपेडवर येऊन फोन आणि पर्स हिसकावणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. पोलीस पाठलाग करत नाहीत हे चोरांना माहीत झालं होतं. काही जण तर पोलीस दिसले की हेल्मेट काढून टाकायचे, म्हणजे ते मागे हटतील. मग खास प्रशिक्षण दिलेले चालक मोपेडला मुद्दाम मोटारीचा धक्का देऊ लागले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पोलिसांनी त्याचे व्हिडिओच जाहीर केले. पंतप्रधान थेरेसा मे यांनी पाठिंबा दिला, विरोधी पक्षाच्या डायान ॲबट यांनी आक्षेप घेतला. त्या वर्षी असे गुन्हे एक तृतीयांशाहून जास्त घटल्याचं पोलिसांनी सांगितलं. नुसतं 'जाऊ द्या' म्हटलं की ज्याची पर्स गेली तिने काय करायचं, हा प्रश्न खोटा नाही. त्या बाईच्या जागी माझी आत्या असती तर मीही कदाचित टाळ्या वाजवल्या असत्या.

पण आपल्या काउंटीतल्या त्या दोघांनी कुणाची पर्स मारली नव्हती. वेगाने गाडी चालवली होती, आणि थांबले नव्हते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पोलीस प्रमुखांच्या संशोधन संस्थेने पाठलागाबद्दल सविस्तर मार्गदर्शन छापलं. त्याचं सार हेच की हिंसक गुन्हा आणि तातडीचा धोका असेल तरच मागे लागा. संशयित दुसऱ्या दिवशीही मिळतो, गेलेला जीव मिळत नाही. हे साध्या व्यवहारी शहाणपणाचं वाक्य लिहून यायला १९९० पासून ३३ वर्षं लागली.

आता साताऱ्याची गोष्ट.

१९८९. मी १७ वर्षांचा. मित्राच्या काकांची आरएक्स १०० आम्ही 'फक्त एक चक्कर' म्हणून घेतलेली. तिघे, ट्रिपल सीट, मी सगळ्यात मागे, अर्धा सीटवर अर्धा हवेत. पोवई नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली. मित्राने थांबायच्या ऐवजी कान पिळला. मी मागे वळून पाहिलं. हवालदार धावला नाही. त्याने खिशातून छोटी वही काढली.

संध्याकाळी तो सायकलवरून मित्राच्या घरी हजर. आम्ही दोघं आतल्या खोलीत, पोटात गोळा. मित्राचे वडील ओशाळून म्हणाले, "साहेब, पोरांनी लाज आणली. तुम्ही तिथंच धरायला हवं होतं."

हवालदार चहा बशीत ओतत म्हणाला, "पळून कुठं जातंय? नंबर हाय की माझ्याकडं. पोरं पोचली न्हवं घरी? मग झालं."

मग दंड झाला, दोन महिने गाडी बंद झाली, आणि मित्राच्या वडिलांचा हात चालला तो वेगळाच.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं 'आमचे हवालदार किती शहाणे' म्हणून सांगत आलो. खरं तर मला माहीत नाही. त्यांच्याकडे सायकल होती. गाडी आणि सायरन असता तर तेही मागे लागले असते का? कदाचित लागले असते. आमची गाडी वळणावर आडवी झाली असती, तर सगळ्यात मागे मी होतो. त्या डेप्युटीला मी राक्षस समजत नाही ते याचमुळे. त्याच्याकडे गाडी होती, अंगात तरतरी होती, समोर कुणीतरी आपल्याला झुगारून गेलं होतं. थांबायला त्याला जे लागलं असतं ते ब्रेकने मिळणारं नव्हतं. ते त्याच्या डोक्यात आधीपासून कुणीतरी घालून ठेवायला हवं होतं. 'पोरं पोचली ना घरी?' हा प्रश्न.

तर शनिवारचं काय झालं? मी चिरंजीवांना म्हटलं, आधी मित्राला घरी बोलाव. तो आला, गुणी मुलगा आहे, दोन बशा पोहे खाल्ले. मी त्याला ही १९९० ची गोष्ट सांगितली, कोर्टबिर्ट गाळून, फक्त ७५ सेकंद. मग एकच गोष्ट मागितली. कधीही मागे दिवे दिसले, सायरन ऐकू आला, तुझी चूक असो वा नसो, गाडी बाजूला घ्यायची. दंड मी भरीन. तो "येस अंकल" म्हणाला.

दोघं गेले, संध्याकाळी सुखरूप आले. मी दारातच उभा होतो, अर्थात कचरा टाकायला आल्याच्या निमित्ताने.

असो. बरंच लांबलं. आत्या, वाचते आहेस ना? बापूंना आणि आईला यातली साताऱ्याची गोष्ट अजून माहीत नाही. सांगू नकोस.