गणिताच्या व्यापाराचा ताळेबंद

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ह्या अपूर्णांकांच्या पाढ्यांवर कोंकणांतील कित्येक पिढ्यांचा व्यवहार चालला. महाडसारख्या पेठेंत सव्वासात शेर तांदळाचा हिशोब करावयास पाटीचीहि गरज पडत नसे. ह्या विद्येस लागे तो पंतोजी, त्याचा वेळ, आणि वडील मंडळी सांगत त्याप्रमाणें थोडी छडी.

तीच विद्या मोबाईलच्या पडद्यावर विकावयास निघालेली आपल्याकडील सर्वांत गाजलेली पेढी म्हणजे ‘बायजूज’. संस्थापक बायजू रवींद्रन हे मूळचे गणिताचे शिकवणीवाले, आणि चांगले शिकवणीवाले. २०१५ सालीं त्यांनीं आपले पाठ मोबाईलवर आणले. मुंबईंत २०१८ सालीं निघालेली ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’ ही पेढी त्यांनीं ऑगस्ट २०२० मध्यें सुमारें ३० कोटी डॉलरांस विकत घेतली. पुढें तेथें गणितहि शिकवूं लागले. टाळेबंदीनें शाळा मिटल्या होत्या, आणि मुलाचें वर्ष फुकट जाईल ह्या धास्तीनें आईबाप कर्ज काढूनहि फी भरीत होते.

पण हें गिऱ्हाईक किती मर्यादित होतें तें आपल्या डोंगरांतून स्पष्ट दिसतें. जुलै २०२१ मध्यें महाडची पेठ पुरांत बुडाली, तळिये येथें दरडीखालीं ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, पोलादपूर तालुक्यांतहि दरडी कोसळल्या. वीज, नेटवर्क आणि पैसा हीं तिन्ही गृहीत धरणारी शाळा अशा मुलखांतील वाडीवरच्या मुलाची व्हावी कशी? उरलीं शहरांतील मुलें. शाळा उघडतांच त्यांतलींहि पुष्कळ वर्गांत परतलीं.

खरें वर्म मात्र हिशोबांत होतें, आणि गणित विकणाराच्या बाबतींत तें विशेष बोचतें. शिकवणी व्हावयाची आहे, कर्जाचे हप्ते फिटावयाचे आहेत, तोंच विक्रीची बरीच रक्कम जमेस! ही रीत बदलावी लागतांच २०२०-२१ सालचा तोटा ४,५८८ कोटी रुपये निघाला. पुढील सालीं तो ८,२४५ कोटींवर गेला, व त्यांत ‘व्हाइटहॅट’चा वाटा मोठा होता. पालकांस कर्जांत ओढल्याच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्यें राष्ट्रीय बालहक्क आयोगानें पेढीच्या प्रमुखास बोलाविलें.

अखेर १६ जुलै २०२४ रोजीं बंगळूरच्या न्यायाधिकरणानें तिच्याविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. थकलेली रक्कम सुमारें १५८ कोटींची होती, आणि ती शिक्षकांच्या पगाराची नव्हती. क्रिकेटपटूंच्या अंगरख्यावर नांव झळकविण्याची होती.