पत्ते अनेक, प्रोग्राम एक

वेबवरचा पत्ता सुरुवातीला म्हणजे फाइलची जागाच होती. सर्व्हरच्या नावापुढे तिरक्या रेघा देऊन लिहिलेले शब्द म्हणजे एकात एक फोल्डर, आणि शेवटचा शब्द म्हणजे फाइल. १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये पहिला वेब सर्व्हर चालवला, तो कागदपत्रं वाचायला देण्यासाठी. त्या कामाला एवढं पुरत होतं. फाइल हलवली की पत्ता मेला, ही अडचण पुढे जाणवायला लागली.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसएच्या सर्व्हरसोबत सीजीआय आलं आणि पत्त्याच्या टोकाला फाइलऐवजी प्रोग्राम बसला. सीजीआयचं नाव निघालं की लोकांना फॉर्म आठवतात. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती 'पाथ इन्फो'. प्रोग्रामच्या नावापुढे पत्त्यात आणखी काही लिहिलं असेल, तर सर्व्हर तेवढा भाग वेगळा काढून प्रोग्रामच्या हवाली करायचा. म्हणजे प्रोग्राम एकच, आणि त्याच्यापर्यंत पोचणारे पत्ते हवे तितके. पुढे २००३ मध्ये पायथनसाठी डब्ल्यूएसजीआय लिहिलं गेलं, तेव्हा हेच नाव तसंच्या तसं उचललं. आजही ते तिथे आहे.

तरीही 'सीजीआय-बिन' हा शब्द पत्त्यात दिसायचाच. तो काढण्याची सोय केली राल्फ एंगेलशाल यांनी. एप्रिल १९९६ मध्ये त्यांनी मॉड-रीराइट लिहिलं आणि जुलै १९९७ मध्ये ते अपाचे गटाला देऊन टाकलं. आमच्या धंद्यातल्या माणसांनी त्यांचे उपकार मानावेत, इतकं हे मोठं काम आहे. वर्डप्रेसची डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइल उघडून पाहा. तिचा गाभा तीन ओळींत आहे: मागितलेल्या नावाची फाइल खरोखर असेल तर हात लावू नकोस, फोल्डर असेल तरी नको, बाकी सगळं इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठव. पहिल्या दोन अटी गाळल्या, तर चित्रं आणि स्टाइलशीटसुद्धा प्रोग्रामच्या दारात जाऊन पडतात आणि पान उघडं-बोडकं दिसतं. पुढे २०१० मध्ये अपाचे २.२.१६ ने हेच काम एका ओळीत करणारी सूचना दिली, पण जुन्या तीन ओळी अजून सगळीकडे भेटतात.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथल्या लेखाच्या पत्त्यात 'विकी' हा शब्द येतो, पण त्यामागे लेखांनी भरलेला फोल्डर नाही. सगळे लेख मीडियाविकी हा एकच प्रोग्राम काढून देतो. 'मराठी' हा लेख मागितला, तर त्या नावातलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट्सचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत लिहिला जातो. एवढासा शब्द ४५ चिन्हांचा होऊन सर्व्हरपर्यंत जातो आणि तिथे पुन्हा 'मराठी' होतो.

जावाच्या जगात हेच काम जास्त शिस्तीचं, म्हणून जास्त किचकट होतं. एका कारखान्यात खरेदी विभाग आणि भांडार एकच अ‍ॅप्लिकेशन वापरायचे, पण दोघांना आपापला पत्ता हवा होता. आधीच्या कंत्राटदाराने टॉमकॅटमध्ये एकाच फोल्डरवर दोन कॉन्टेक्स्ट लावून दिले होते. हवी होती एका घराला दोन दारं. बांधून झाली दोन घरं. अ‍ॅप्लिकेशन मेमरीत दोनदा चढायचं, डेटाबेसची कनेक्शन्स दुप्पट व्हायची. सेशनची कुकी ज्या त्या पत्त्यापुरती असल्याने खरेदीत लॉगिन केलेला माणूस भांडारात गेला की पुन्हा पासवर्ड. तिथले कारकून बिचारे दिवसभर पासवर्डच टाकत बसायचे. मी एकच कॉन्टेक्स्ट मुळाशी ठेवला आणि वेब डॉट एक्सएमएलमध्ये एकाच सर्व्लेटचं नाव दोन मॅपिंगमध्ये लिहिलं. दोनदा लिहावं लागलं, कारण तेव्हा एका मॅपिंगमध्ये एकच पॅटर्न चालायचा. एकाखाली अनेक पॅटर्न लिहायची मुभा सर्व्लेट २.५ ने, म्हणजे २००६ च्या जावा ईई ५ सोबत मिळाली.

या सगळ्या खटपटीचं खरं मोल मला एकाच गोष्टीत दिसतं: पत्ता फाइलच्या तावडीतून सुटला. आतला प्रोग्राम बदला, भाषा बदला, सर्व्हर बदला. वाचणाऱ्याने लिहून ठेवलेला पत्ता चालू ठेवता येतो. चांगला पत्ता बदलत नाही, असं बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं. सोय असूनही तो मरत असेल, तर तो केवळ आळस.

म्हणून नवं अ‍ॅप्लिकेशन चढवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्याचा अ‍ॅक्सेस लॉग काढा, लोक अजून कोणते पत्ते मागतात ते पाहा, आणि त्यातल्या प्रत्येकासाठी ३०१ चा नियम लिहा.