दूरस्थ परवलीबदल : कोकणातील किल्ल्यांपासून संगणकजालापर्यंत

प्रस्तावना

एका ठिकाणी बसलेल्या व्यवस्थापकाने संगणकजालावरून दूरच्या वापरकर्त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलणे, ही आज कचेरी, बँक आणि महाविद्यालय यांतील नित्याची बाब झाली आहे. या कृतीचा विचार सामान्यतः तंत्रज्ञानाच्या अंगाने केला जातो. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न राज्यव्यवहाराइतकाच जुना आहे. दूर असलेल्या माणसाची ओळखीची खूण बदलावयाची झाल्यास, बदलाचा हुकूम खऱ्या धन्याचाच आहे हे कशावरून ओळखावे? खूण देणे त्या मानाने सोपे असते. ती दुरून बदलणे कठीण असते. या प्रश्नाचा कोकणच्या व मराठेशाहीच्या इतिहासाच्या आधारे विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपले पूर्वज शिवकाळात खेळ करीत गावोगाव फिरत आणि बातम्या आणून देत, अशी परंपरा येथील ठाकर समाजात सांगितली जाते. मौखिक परंपरेला लेखी पुराव्याचे मोल देता येत नाही. तथापि तिच्यातून सूचित होणारी अडचण खरी आहे. फिरस्ता बातमीदार ज्या खुणेने ओळखला जातो ती फुटली, तर नवी खूण त्याच्यापर्यंत कोणी न्यावी? आणि नेणाऱ्यावर त्याने विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?

मराठेशाहीतील व्यवस्था

मराठी राज्यव्यवस्थेने या प्रश्नाला दिलेले उत्तर कोणत्याही एका गुप्त शब्दावर विसंबलेले नव्हते. सभासदाच्या बखरीवरून असे दिसते की, किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत व कारभार त्यांनी मिळून करावयाचा असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ मधील 'आज्ञापत्रा'त हवालदाराची तीन, सरनोबताची चार आणि सबनीस व कारखानीस यांची पाच वर्षांनी बदली करावी, असा दंडक आहे. राजपत्रावर आरंभीची मुद्रा आणि शेवटचे मोर्तब असे. शिवाय ते दप्तरातून गेल्याच्या 'सुरू सूद', 'बार' अशा नोंदी असत. म्हणजे पत्राचा खरेपणा एका शिक्क्यावर अवलंबून नसून अनेक हातांनी केलेल्या नोंदींवर अवलंबून होता. शिक्का चोरणे शक्य होते. पण दप्तरातील नोंद त्याबरोबर चोरता येत नव्हती.

ही व्यवस्था कोठे कोसळते, हे १७७६ च्या तोतयाच्या बंडावरून स्पष्ट होते. पानिपतच्या रणांगणावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, तरी ते जिवंत असल्याची वदंता अनेक वर्षे टिकून होती. आपणच भाऊ असे म्हणविणाऱ्या एका इसमाची थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत चौकशी होऊन तो कैदेत पडला होता. पुढे तो रत्नागिरीस असताना तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला मुक्त करून त्याचा पक्ष घेतला. सवाई माधवराव त्या वेळी अज्ञान बालक होते. कोकणातील किल्ले भराभर तोतयाच्या ताब्यात गेले व हजारो लोक त्याला मिळाले. अखेर पराभव पावून समुद्रमार्गे पळताना तो रघूजी आंग्रे यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

या प्रकरणात कोणताही शिक्का खोटा करावा लागला नव्हता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्याने दिलेला निर्णय ज्याने अमलात ठेवावयाचा, त्या राखणदारानेच तो फिरविला. दूरच्या किल्लेदारांना पडताळा पाहण्याचे साधन हाताशी नव्हते. त्यांनी एका अधिकाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवला.

संगणकजालावरील परवल

संगणकाच्या इतिहासात हीच अडचण निराळ्या रूपाने पुन्हा उभी राहिली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये दाखविण्यात आलेल्या सामायिक संगणकप्रणालीत प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र पासवर्ड मिळाला. परंतु दुसऱ्याच वर्षी ॲलन शेर या संशोधकाने सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. पुढे पासवर्ड जसाच्या तसा न साठविता, ज्यातून तो उलट काढता येऊ नये अशा रूपात साठविण्याची पद्धत रूढ झाली. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांचा १९७९ चा निबंध या संदर्भात मूलभूत मानला जातो.

संगणक एकमेकांना जोडले गेल्यावर साठवणीपेक्षा वाटेवरची चोरी अधिक भयावह ठरली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या १९८० च्या दशकातील व्यवस्थेत एका मुख्य संगणकावरील पासवर्ड जालावरून बदलता येई. पण बदल करताना जुना पासवर्ड तारेवरून उघड्या रूपातच जात असे. एमआयटीमध्येच विकसित झालेल्या केर्बेरॉस पद्धतीत पासवर्ड तारेवरून पाठवावाच लागत नाही. आणि तो बदलण्यापूर्वी वापरकर्त्यास आपली ओळख नव्याने पटवावी लागते. फिनलंडमधील विद्यापीठाच्या जालावर पासवर्डांची चोरी झाल्यानंतर तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सुरक्षित जोडणी तयार केली. विंडोज २००० पासून केर्बेरॉस सामान्य कचेऱ्यांतही पोहोचले.

वाट अशा रीतीने सुरक्षित झाली. राखणदाराचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. पासवर्ड विसरल्याची बतावणी करून मदतकक्षाकडून नवा मिळविणे, किंवा दुसऱ्याच्या मोबाईल क्रमांकाचे सिमकार्ड हस्तगत करून ओटीपी मिळविणे, यांत कोणतेही कुलूप फोडावे लागत नाही. रत्नागिरीस १७७६ मध्ये जे घडले त्याच जातीची ही घटना होय.

ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याच्या दंडकाचाही येथे विचार केला पाहिजे. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी २००३ च्या सुमारास असे नियम लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेने, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर मुदतीच्या बदलाची सक्ती करू नये, अशी शिफारस केली. कारण सक्तीमुळे लोक जुन्याच शब्दाला एखादा आकडा जोडतात. अमात्यांचा दंडक वरवर पाहता असाच भासतो, पण त्याचा हेतू भिन्न होता. ते खूण बदलत नव्हते, माणूस बदलत होते. एका जागी एकाच माणसाची मुळे रुजू नयेत, हा त्यामागील विचार होता.

निष्कर्ष

या विवेचनाचा संबंध आपल्या महाविद्यालयांशी निकटचा आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचे गुण, काही विद्यापीठांत तर प्रश्नपत्रिकादेखील आज संगणकजालावरून येतात. प्राचार्यांचा पासवर्ड एखाद्या लिपिकाला पाठ असणे, किंवा निवृत्त सहकाऱ्याचे खाते तसेच चालू राहणे, यांकडे आपण सोय म्हणून पाहतो. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान अधिनियमात आलेल्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. परंतु कायदा गुन्ह्यानंतर येतो. दप्तर त्यापूर्वी असावे लागते.

तेव्हा बदली, निवृत्ती वा संशय उद्भवताच पासवर्ड बदलला जावा. बदलण्याचा अधिकार एकाच हाती नसावा. आणि प्रत्येक बदलाची नोंद बदल करणाऱ्याला पुसता येणार नाही अशा ठिकाणी व्हावी, हे तीन नियम इतिहासातून निष्पन्न होतात. पासवर्ड किती अवघड आहे, यापेक्षा तो कोण बदलू शकतो आणि बदलणाऱ्यावर नजर कोणाची आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रत्नागिरीच्या राखणदारावर अशी नजर वेळीच राहिली नाही आणि त्याची किंमत कोकणाने मोजली.