बांधीतलं पाणी बोडीत

झाडीपट्टीत पाण्यात विष कालवून मासे धरणं जुनंच. उन्हाळ्यात नाल्यांत डोह तेवढे उरले की गेळ्याची फळं ठेचून टाकायची आणि मासे तोंड वासत वर आले की वेचायचे. मी ढीवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरातला. नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. गेळ्यातलं सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांवरच घाव घालतं. पण ते एका डोहापुरतं असे, आणि पावसाचा पहिला लोंढा आला की डोह धुऊन निघे. १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्याने असं विष घालणं गुन्हा ठरवलं : दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड.

आमच्याकडचे तलाव त्या कायद्याहून कितीतरी जुने. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ते बांधले, पुढे मालगुजारांनी सांभाळले. त्यांची रचना मला आजही थक्क करते. वरच्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत, एका बांधीतून दुसरीत, आणि उरलेलं खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात. थेंबही वाया जात नाही. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. पाणी शेतकऱ्याचं राहिलं आणि मासे ठेक्याने ढीवरांच्या सोसायटीकडे आले.

मग सुधारित धान आलं, त्यामागून युरिया, आणि खोडकिडा-तुडतुड्यांसाठी फवारणी. ज्या वाटेने पाणी जायचं त्याच वाटेने औषध बोडीत उतरू लागलं. एंडोसल्फान तर लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम असलं तरी मासा मारतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी त्यावर बंदी घातली. पण सायपरमेथ्रिनसारखी औषधंही माशांना तितकीच घातक आहेत.

मेलेला मासा निदान दिसतो. मला जास्त काळजी वाटते ती न मेलेल्याची. कल्ल्यावर बारीक पाती ओळीने असतात, त्यांचा पापुद्रा इतका पातळ की पाण्यातला प्राणवायू सरळ रक्तात उतरावा. औषध लागलं की मासा आधी चिकट स्राव सोडतो, मग पापुद्रा सुजून रक्तवाहिन्यांपासून सुटतो, पेशी वाढतात आणि शेजारची पाती एकमेकांना चिकटतात. शरीरातल्या क्षारांचा तोल कल्लेच राखतात, तोही ढळतो. असा रोहू दुपारी धडधाकट वाटतो. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, तेव्हा तो वर येऊन धापा टाकतो. मरळ वरची हवा घेऊ शकते, म्हणून ती तगते. धानाच्या रोवणीनंतर, फवारणीच्या दिवसांत जाळ्यात मरळच जास्त का येते, हे बाबांनी मला विचारलं होतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या कल्ल्यांत होतं.

१८९७च्या कायद्यात मासे धरण्याचा किंवा मारण्याचा हेतू असावा लागे. फवारणाऱ्याचा तसा हेतू नसतो, त्यामुळे बोडी मेली तरी त्या व्याख्येत गुन्हेगार कुणीच ठरत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने कठाणी नदीत विषाने मासे मारणं बंद करायचं ठरवलं, ते कुणा फौजदाराच्या धाकाने नाही. तसाच ठराव बांध्यांसाठी व्हायला हवा : फवारणीनंतर धुऱ्याचं तोंड बांधून ठेवायचं, बांधीतलं पाणी काही दिवस खाली सोडायचं नाही. शेतकरी आणि ढीवर एकाच ग्रामसभेत बसतात. रोवणीच्या आधीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे.