चार लांब, एक आखूड

भुसावळ किंवा कल्याणसारख्या मोठ्या जंक्शनजवळच्या रेल्वे वसाहतीत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना भोंग्याची भाषा कुणी शिकवावी लागत नाही. पाळीचा भोंगा ओळखीचा असतो. पण एखाद्या रात्री अवेळी भोंगा सुरू झाला, की घरातलं बोलणं थांबतं आणि जो तो सूर मोजू लागतो. दोन लांब म्हणजे शेडमध्ये किंवा लगतच्या यार्डात काहीतरी घसरलं. तीन लांब म्हणजे अपघात दूर, बाहेरच्या स्टेशनाकडे झाला आहे, पण मुख्य मार्ग मोकळा आहे. चार लांब म्हणजे मुख्य मार्ग बंद. आणि त्या लांब सुरांच्या मागून एक आखूड सूर आला, तर डॉक्टरांची गाडीही हवी आहे. त्या घरातला माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो, चपला अडकवतो आणि धावत सुटतो.

चार लांब, एक आखूड. या सांकेतिक भाषेत मार्ग बंद झाल्याची बातमी आधी येते आणि माणूस जखमी झाल्याची सगळ्यांत शेवटी. ज्यांनी ही भाषा बांधली ते निर्दय नव्हते. त्यांच्या हाती जी गाडी होती, तिचा जन्मच रूळ मोकळे करण्यासाठी झाला होता. माणसांसाठीची गाडी तिला नंतर जोडली गेली, म्हणून तिचा सूरही शेवटी जोडला गेला. अपघाताच्या ठिकाणी धावून जाणाऱ्या मदतगाडीच्या घराण्यात अशा दोन शाखा आहेत, एक रुळांची आणि एक माणसांची. दुसऱ्या शाखेला आपला हक्क मिळवायला शतकाहून जास्त काळ लागला.

गंमत अशी, की या घराण्याचा मूळपुरुष माणसाच्याच शाखेतला होता. 15 सप्टेंबर 1830 रोजी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचं उद्घाटन होतं. वाटेत पार्कसाइडला इंजिनं पाणी घ्यायला थांबली, तेव्हा खासदार विल्यम हस्किसन खाली उतरून पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्याशी बोलायला त्यांच्या डब्यापाशी गेले. शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ इंजिन आलं आणि त्यांच्या पायावरून गेलं. तिथे ना कसली योजना होती, ना नियम, ना पेटी. जॉर्ज स्टीफनसन यांनी ड्यूकच्या गाडीचं ‘नॉर्थम्ब्रियन’ इंजिन सोडवून घेतलं, बँडवाल्यांचा डबा रिकामा करून त्याला जोडला, त्यात हस्किसनना आणि सोबतच्या डॉक्टरांना घेतलं आणि स्वतः इंजिन हाकत सुमारे 24 किलोमीटरचं अंतर 25 मिनिटांत कापलं. एकल्स गावी त्याच रात्री हस्किसन गेले. पण नंतरच्या सगळ्या मदतगाड्यांचा सांगाडा त्या पंचवीस मिनिटांत दिसतो: मार्ग मोकळा करून घ्यायचा, इंजिन तयार ठेवायचं, डॉक्टर सोबत न्यायचा आणि जखमीला थेट उपचाराकडे पोचवायचं. फक्त हे सगळं आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

ठरवून ठेवण्याची पहिली गरज निर्माण झाली ती पुढच्या धोक्यापायी. रुळावरचा अपघात एकटा राहत नाही. आडवी पडलेली गाडी शेजारच्या रुळावर येते, आणि तिकडून दुसरी गाडी येतच असते. धुक्यात कंदील दिसत नाही, वाऱ्यात हाक पोचत नाही. 1841 मध्ये एडवर्ड कूपर या इंग्रज अभियंत्याने त्यावर उपाय काढला: रुळावर बांधायची दारूची चपटी डबी. चाक वर आलं की ती फुटते आणि आवाजानेच ड्रायव्हरला कळतं, थांबा. आपल्याकडे तिला सरळ फटाका म्हणतात. आजही भारतातल्या ब्रॉडगेज मार्गावर गाडी अडकली, तर नियम तोच आहे. 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. स्वतःच्या गाडीतून किंकाळ्या येत असताना त्यांच्याकडे पाठ करून विरुद्ध दिशेला एक किलोमीटरहून अधिक धावायचं, ही या कामातली सर्वांत कठीण शिस्त आहे. ती मोडली, तर वाचवायला आलेलेही चिरडले जातात.

दुसरा धडा 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये मिळाला. व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीचं पुढचं इंजिन मोडलं, मागचे डबे त्यावर चढले आणि पेट घेतला. त्या काळच्या प्रथेनुसार प्रवाशांना डब्यात बसवून दारांना बाहेरून कुलूप लावलेलं होतं. पन्नासाहून अधिक माणसं आतच जळाली. दक्षिण ध्रुवाच्या सागरांतून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल पत्नी आणि मुलासह त्यांत होता. त्यानंतर फ्रान्समध्ये दारं बाहेरून बंद करण्याची प्रथा सुटली. आपल्या डब्यात गज नसलेली, लाल खुणेची जी संकटकालीन खिडकी असते, तिचं नातं त्या कुलपाशी आहे. तिच्याखाली सामान रचताना एवढं आठवावं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाड्या वाढल्या, जड झाल्या आणि रुळांच्या शाखेने जोर धरला. एक मार्ग बंद पडला की त्यामागे दहा गाड्या, कोळसा, टपाल, सगळं अडायचं. मग वाफेवर चालणाऱ्या क्रेन आल्या. कार्लाइलच्या कौन्स शेल्डन आणि इप्सविचच्या रॅन्सम्स अँड रेपिअर या कंपन्यांच्या क्रेन जगभर गेल्या. अवजड क्रेन पुलांवरून न्यायची, तर तिचं वजन जास्त चाकांवर वाटलं गेलं पाहिजे. रॅन्सम्स अँड रेपिअरच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी त्यासाठी भार वाटून घेणाऱ्या, कामाच्या वेळी सोडवता येणाऱ्या बोगी बनवल्या. क्रेन, जॅक, साखळ्या, लाकडी ठोकळे, कामगारांचा डबा आणि स्वयंपाकाचा डबा, असा तो ताफा उभा राहिला. त्याला नाव मिळालं ‘ब्रेकडाउन’. आपल्या रेल्वेतले जुने लोक अजून तोच शब्द वापरतात, ‘ब्रेकडाउन निघाली’ म्हणतात. नावातच यंत्राचं मोडणं आहे, माणसाचं नाही. डॉक्टर मिळेल तसा गोळा करायचा, जखमींना मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या दवाखान्यात पोचवायचं, हेच बराच काळ चाललं.

माणसांच्या शाखेला वळण देणारा दिवस 8 ऑक्टोबर 1952. लंडनजवळच्या हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनात सकाळी 8 वाजून 19 मिनिटांनी पर्थहून आलेली एक्सप्रेस उभ्या लोकलवर मागून आदळली आणि पाहता पाहता उलट दिशेने आलेली तिसरी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. 112 माणसं गेली, 340 जखमी झाली. तोवर पद्धत होती ती उचला आणि रुग्णालयाकडे पळवा, अशी. त्या दिवशी जवळच्या तळावरचं अमेरिकी हवाई दलाचं वैद्यकीय पथक मदतीला आलं. त्यात ॲबी स्वीटवाइन नावाची परिचारिका होती. त्यांनी फलाटावरच उपचार सुरू केले. कुणाला आधी न्यायचं, कुणाला थोडं थांबता येईल, कुणाला वेदनाशामक आधीच दिलं आहे, हे ठरवून त्यांनी जखमींची वर्गवारी केली. खुणेला दुसरं काही नव्हतं, म्हणून स्वीटवाइनने आपली लिपस्टिक काढली आणि जखमींच्या अंगावर फुल्या केल्या. वृत्तपत्रांनी तिला सहाव्या फलाटावरची देवदूत म्हटलं.

वर्गवारीची कल्पना नवी नव्हती. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे रणांगणावर हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर जखमेप्रमाणे क्रम लावत असे. पण रेल्वेच्या फलाटावर ती पद्धत इतक्या ठळकपणे दिसली ती हॅरोला. उपचार जखमीपर्यंत गेला पाहिजे, ही ब्रिटनमधली समज त्या सकाळी पक्की होऊ लागली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. काउली यांनी तिला घड्याळाची जोड दिली. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात नीट उपचार मिळाला, तर त्याची वाचण्याची शक्यता मोठी. या ‘गोल्डन अवर’ने रेल्वेच्या सगळ्या मदतयोजनेचं केंद्र बदललं. आधीचा प्रश्न होता, मार्ग कधी सुरू होईल? आता प्रश्न झाला, पहिला डॉक्टर किती मिनिटांत पोचेल?

भारतात याचं उत्तर एका साध्या साइडिंगवर उभं आहे. मोठ्या स्टेशनांत अपघात मदत गाडी, म्हणजे एआरटी, आणि वैद्यकीय मदतीची गाडी, म्हणजे एआरएमव्ही, कायमच्या तयार असतात. एआरटीत 140 टनांपर्यंत भार उचलणारी क्रेन असते. एआरएमव्हीत शस्त्रक्रियेचं टेबल, खाटा, औषधं आणि डबे कापण्याची हत्यारं. तिची साइडिंग शक्यतो दोन तोंडांची असते, म्हणजे अपघात कुठल्याही दिशेला झाला तरी गाडी फिरवत बसावं लागत नाही. तिच्यापुढे दुसरा डबा उभा करायचा नाही, हा कडक नियम. किल्ल्यांचा एक जुडगा डॉक्टरांकडे, दुसरा स्टेशन मास्तरांच्या खोलीत काचेच्या पेटीत. वेळ आली तर काच फोडा, किल्ली घ्या आणि निघा. एक वेळ काच फुटली तरी चालेल, मिनिट फुकट जाता कामा नये, असा विचार त्या लहानशा पेटीमागे आहे.

तरी गाडी तयार असणं पुरेसं नाही, हे आपण फार महागात शिकलो. 2 ऑगस्ट 1999 च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या गैसल येथे अवध आसाम एक्सप्रेस आणि ब्रह्मपुत्र मेल एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या. मृतांचा आकडा तीनशेच्या आसपास गेला. सप्टेंबर 2002 मध्ये बिहारमधल्या रफीगंजजवळ राजधानी एक्सप्रेसचे डबे पुलावरून नदीत गेले आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. दोन्हीकडे रात्र होती आणि मोठी शहरं दूर होती. त्यानंतर रेल्वेच्या आपत्ती व्यवस्थापनावर नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने 2003 मध्ये 111 शिफारसी केल्या. इंजिनाची वाट पाहावी लागू नये म्हणून स्वयंचलित मदतगाड्या, गॅसच्या ज्वाळेऐवजी थंड पद्धतीने पत्रा कापणारी हत्यारं, गाडीतल्याच कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण, अशा गोष्टींवर भर आला. थंड पद्धतीची गरज ज्याने अडकलेला हात पाहिला आहे, त्याला समजावून सांगावी लागत नाही. ज्वाळेने पत्रा तापतो, आतला माणूस भाजतो, गादी पेट घेते.

महाराष्ट्रात या योजनेची खरी परीक्षा कोकणात होते. कोकण रेल्वे जानेवारी 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली. बहुतांश एकेरी मार्ग, 91 बोगदे, दरडी आणि कोसळणारा पाऊस. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी आदळली आणि पन्नासाहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच पावसाळ्यात, 16 जून 2004 रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. अशा मार्गावर रस्त्याने येणारी रुग्णवाहिका घाट चढत-उतरत कधी पोचेल, यावर भरवसा ठेवता येत नाही. मदत रुळांवरूनच यायला हवी. म्हणून रत्नागिरी आणि वेर्णा इथे स्वयंचलित वैद्यकीय गाड्या आणि वेर्ण्याला एआरटी तयार ठेवलेली असते. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, गाड्यांचा वेग उतरतो, गस्तवाले दरडीखालून कंदील घेऊन चालत राहतात. मदतगाडीच्या घराण्यातली सर्वांत चांगली पिढी कुठली, असं कुणी विचारलं, तर मी त्या गस्तवाल्याकडे बोट दाखवीन. त्याने दगड वेळेवर पाहिला, तर भोंगा वाजतच नाही.

पण वाजला, तर मदतगाडीच्याही आधी कोण पोचतं? प्रत्येक वेळी उत्तर एकच: जवळच्या वस्तीतली माणसं. 11 जुलै 2006 च्या स्फोटांनंतर मुंबईत रुळांकडेच्या झोपड्यांतून लोक चादरी घेऊन धावले आणि त्यांतूनच जखमींना उचलून नेलं. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा एनडीआरएफ आणि नौदलाच्या जोडीला आसपासचे गावकरी होते. सुमारे 1,050 प्रवासी सुखरूप बाहेर आले. 2 जून 2023 रोजी ओडिशात बहानगा बाजारला झालेल्या अपघातात 290 हून अधिक माणसं गेली. तिथेही पहिले हात गावकऱ्यांचे होते. त्या रात्री बालासोरच्या रुग्णालयात रक्त द्यायला आलेल्या तरुणांची रांग लागली होती. योजनेच्या कागदावर या माणसांची जागा अजून ‘इतर मदत’ एवढीच आहे. माझं म्हणणं असं, की घराण्याची पुढची शाखा इथून फुटली पाहिजे. रुळांकाठच्या प्रत्येक गावात निदान वीस माणसांना रक्तस्राव थांबवायला, मान न हलवता माणूस उचलायला आणि फटाका, लाल कापड, मोबाइलची बॅटरी यांपैकी जे हाती असेल त्याने येणारी गाडी थांबवायला शिकवावं. डॉक्टर पोचेपर्यंतची सगळी मिनिटं त्यांच्याच हाती असतात.

भोंग्याची भाषा जुनी आहे, ती तशीच राहिली तरी हरकत नाही. बदल झाला आहे तो यार्डात. आजच्या नियमपुस्तकात अपघातानंतरच्या कामांच्या यादीत पहिलं काम आहे जीव वाचवणं आणि वेदना कमी करणं. मार्ग पुन्हा सुरू करणं शेवटी येतं. क्रेनवाल्या गाडीला निघायला दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटं मिळतात. दोन तोंडांच्या साइडिंगवरच्या वैद्यकीय गाडीला मात्र आदेशापासून फक्त 15. चार लांब सुरांनंतर, सगळ्यांत शेवटी ज्या गाडीला हाक जाते, ती यार्डातून सगळ्यांत आधी बाहेर पडते.