नेपाळांतील एका घराचे गंध

गेल्या हिवाळ्यांतील गोष्ट. आमच्या शेजारीं एक नेपाळी बाई राहतात. त्या मूळच्या भक्तपूरच्या. यजमानांच्या नोकरीनिमित्त पुण्यास आल्या, त्यास आतां पुष्कळ वर्षें झालीं. आणि मराठी त्या इतकें स्वच्छ बोलतात कीं, नव्या माणसास त्यांचें मूळ सांगितल्यावांचून कळत नाहीं. एके दिवशीं दुपारीं त्यांच्या स्वयंपाकघरांतून एक अनोळखी वास आला. कांदालसणीचा म्हणावा तर तसा नव्हे. वाळल्या गवताचा म्हणावा तर त्यास कढत्या तुपाची जोड होती. थोड्या वेळानें त्या स्वतःच दारांत आल्या. डोळे ओले होते. मीं काळजीनें चौकशी केली, तेव्हां हंसून म्हणाल्या, "कांहीं नाहीं, दादा. भावानें जिंबू पाठविला आहे. उडदाच्या वरणास फोडणी दिली, आणि एकदम घरीं गेल्यासारखें झालें. पण तें घर आतां आहे कोठें?"

प्रश्न साधा होता, पण तो पुढें बरेच दिवस माझी पाठ सोडीना. २५ एप्रिल २०१५ रोजीं, दुपारचे बारा वाजण्यास चार मिनिटें असतां, नेपाळांत जो भूकंप झाला त्यांत हें घर पडलें. तो शनिवार होता. शनिवार हा तेथील सुटीचा वार, म्हणून शाळा बंद होत्या आणि पुष्कळ मुलें वांचलीं. तरीहि सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं व पांच लक्षांच्या आसपास घरें जमीनदोस्त झालीं. बाईंच्या घरचीं माणसें सुखरूप राहिलीं. घर मात्र उरलें नाहीं. त्यांच्यापाशीं घराचीं छायाचित्रें आहेत. खिडकीवरील कोरीव काम आहे, दारापुढील लग्नाची वरात आहे. परंतु स्वयंपाकघराचें चित्र एकहि नाहीं. नेवार लोकांच्या घरांत स्वयंपाकघर सर्वांत वर, छपराखालीं असतें. त्या मजल्यास ते 'बैगः' म्हणतात. चूल तेथें, बहुधा देवहि तेथेंच, आणि परक्या माणसास तेथें मज्जाव. जेथें पाहुण्याचा पाय पडत नाहीं तेथें छायाचित्रकार कोठून पोंचणार? म्हणून घराचा जो भाग बाईंच्या मनांत सर्वांत खोल रुजला आहे, त्याचा पुरावा वासाखेरीज दुसरा कांहीं उरलेला नाहीं.

आपण इतिहास लिहूं लागलों म्हणजे शिलालेख, ताम्रपट, वंशावळी, पत्रव्यवहार यांचा आधार घेतों. गंधाचें दफ्तर कोणीं ठेविलेलें नसतें. तथापि कोणत्याहि घराचा वास हा कांहीं आपोआप उत्पन्न होत नाहीं. तो कोठल्या तरी घाटानें, कोणाच्या तरी पाठीवरून, कोणत्या तरी व्यवहारानें त्या घरांत आलेला असतो. हें मनांत येऊन मीं बाईंस विनंति केली कीं, आठवतील तेवढे वास सांगावे. त्यांनीं एकेक वास सांगावा आणि मीं त्याची वाट धुंडावी, असा आमचा क्रम कांहीं दिवस चालला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम जिंबू. ही कांद्याच्या कुळांतील एक रानटी पात आहे. मुस्तांग, मनांग, डोल्पा अशा हिमालयाच्या उंच भागांत ती उगवते. पावसाळ्यांत तिचीं पानें खुडतात, वाळवितात, आणि मग चिमूटभर पानें कढत तुपांत टाकून डाळीस फोडणी देतात. वाळलेल्या पानांस फारसा वास नसतो; तो तुपांत जागा होतो. भक्तपूरच्या चुलीपर्यंत ही पात येण्याची एक मोठी वाट काली गंडकीच्या खोऱ्यांतून होती. तिबेटांतील खाऱ्या सरोवरांचें मीठ याच खोऱ्यानें खालीं येई आणि खालचें धान्य वर जाई. तुकुचे हें गांव या व्यापाराचें ठाणें, आणि थकाली लोक त्यांतील मध्यस्थ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथील जकातीचे मक्ते घेऊन कित्येक थकाली घराणीं संपन्न झालीं. १९५९ नंतर तिबेटची सीमा आवळली गेली, दक्षिणेकडून हिंदुस्थानचें समुद्री मीठ स्वस्तांत मिळूं लागलें, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हा व्यवहार मोडला. मिठाची वाट बुजली, पण त्या वाटेवरची फोडणी राहिली. महाराष्ट्रांतील वाचकांसहि हें खोरें अगदींच परकें नाहीं. आपल्या देवघरांतील शाळिग्राम याच काली गंडकीच्या पात्रांतून आलेला असतो.

दुसरा वास मोहरीच्या तेलाचा. बाई म्हणाल्या, "हिवाळ्यांत आजी उन्हांत बसवून अंगास तोरीचें तेल चोळी. नाकांतून पाणी येई. आतां तोच वास आला कीं पाठीवर ऊन लागल्यासारखें वाटतें." काठमांडूच्या खोऱ्यांत या तेलासाठीं खोकना हें जुनें नेवार गांव प्रसिद्ध आहे. तेथें मोहरी भाजून, कुटून, मोठमोठ्या लांकडी तुळयांच्या दाबाखालीं पिळून तेल काढीत. याच तेलांत मेथीचे दाणे काळे होईपर्यंत जाळून लोणच्यावर व बटाट्याच्या कोशिंबिरीवर ओततात. आपल्याकडे मेथी करपली तर सुगरणीस बोल लागेल. तेथें ती करपली नाहीं तर फोडणी कच्ची म्हणतील. एकच दाणा, परंतु एका घरांत जो दोष तोच दुसऱ्या घरांत गुण! डोंगरी गांवांतील नेपाळी माणसास हाच प्रश्न विचारला तर तो कदाचित् गुंद्रुकाचें नांव आधीं घेईल. मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला कोमेजवून मडक्यांत दाबून आंबवितात, मग उन्हांत वाळवितात. तो उग्र आंबट वास म्हणजे ज्या हिवाळ्यांत शेतांत हिरवें कांहीं नाहीं त्या हिवाळ्याची बेगमी होय.

तिसरा वास ऐकून मला नवल वाटलें. तो होता भिजलेल्या लोंकरीचा. पाहुणे आले कीं खालीं अंथरावयाची 'राडी' नांवाची जाड घोंगडी घरांत असे, आणि पावसाळी दिवसांत तिला मेंढरांचा दर्प येई. या दर्पाचें वय पाहूं गेल्यास आपण थेट कौटिल्यापर्यंत जातों. अर्थशास्त्रांत निरनिराळ्या देशांच्या लोंकरी वस्त्रांची गणना आहे. त्यांत नेपाळचें म्हणून जें काळें वस्त्र सांगितलें आहे, तें पाऊस अडविणारें असल्याचें ग्रंथकारानें नमूद केलें आहे. नेपाळचें नांव ज्या थोड्या प्राचीन ग्रंथांत आढळतें, त्यांपैकीं एकांत तें घोंगडीमुळें आलें आहे, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

चवथा वास कस्तुरीचा. पण तो बाईंनीं स्वतः घेतलेला नाहीं, आजोबांच्या लांकडी पेटीविषयीं केवळ ऐकलेला आहे. काठमांडू खोऱ्यांतील नेवार व्यापारी शतकानुशतकें ल्हासास पेढ्या घालून राहत. कित्येक जण वर्षानुवर्षें परतत नसत. कस्तुरी, लोंकर, सोनें हा त्यांचा येतांनाचा माल. महाकवि लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांचें १९३६ सालीं प्रसिद्ध झालेलें 'मुना मदन' हें काव्य अशाच ल्हासास गेलेल्या पुरुषाचें व मागें राहिलेल्या त्याच्या पत्नीचें आहे, आणि नेपाळी घराघरांत तें आजहि वाचलें जातें. पोटासाठीं परदेश आणि मागें वाट पाहणारें घर, हें दुःख तेथें जुनेंच आहे. पूर्वीं वाट ल्हासाची होती. आतां ती आखाती देशांकडे, मलायाकडे आणि आमच्या मुंबईपुण्याकडे वळली, एवढाच फरक.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. जुन्या घराचा प्रत्येक वास अनादि असतो, असें समजण्याचा मोह होतो. तिहारच्या सणांत, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, नेपाळांत दारोदार झेंडूच्या माळा लागतात. त्या फुलास तेथें सयपत्री म्हणतात. बाईंच्या मतें त्या फुलाच्या कडवट वासावांचून तिहार हा तिहारच नव्हे. पण झेंडू हा मूळचा मेक्सिकोकडील; सोळाव्या शतकानंतर युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग तो आशियांत पसरला. मीं हें सांगितलें तेव्हां बाई क्षणभर खट्टू झाल्या. मग म्हणाल्या, "असो. मीहि पुण्यास बाहेरूनच आलें ना!" या उत्तरावर मला बोलावयास जागा राहिली नाहीं.

पांचवा वास जटामांसीचा, आणि या वासापाशीं त्यांचें घर व आमचें घर एकमेकांस भेटलें. जुमला, हुमला, मुगू, डोल्पा या पश्चिम नेपाळच्या जिल्ह्यांत, सुमारें तीन हजार मीटर उंचीच्या पलीकडे ही लहानशी वनस्पति उगवते. तिचें केसाळ मूळ धुपांत घालतात. पहिल्या शतकांत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तांत गंगेच्या मुखाजवळील बाजारांतून जटामांसी परदेशीं जात असल्याचा उल्लेख आहे. बाईंचें पुण्यास पहिलेंच वर्ष होतें तेव्हां नरकचतुर्दशीस आमच्या घरून त्यांच्याकडे उटणें गेलें. वाटी नाकाशीं नेतांच त्या थबकल्या. आजोबांच्या पूजेचा वास त्यांस त्या वाटींत आला. आमच्या उटण्यांत जटामांसी असते हें मला ठाऊक होतें, पण ती येते कोठून, हा विचार मीं कधीं केला नव्हता. मात्र या सुगंधाची किंमत ती वनस्पति आपल्या जिवानें देते. मूळ खणलें कीं झाड गेलें. १९९७ सालीं वन्य जीव व वनस्पति यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांत तिचें नांव घालावें लागलें. तिमुराची गोष्टहि अशीच ओळखीची निघाली. जीभ झिणझिणविणारा हा नेपाळी मसाला म्हणजे कोंकणांत व गोव्यांत बांगड्याच्या कालवणांत पडणाऱ्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद. दोन्ही एकाच कुळींतील झाडें.

आतां शेवटचा आणि सर्वांत मोठा वास. तो कोण्या एका पदार्थाचा नव्हे, खुद्द घराचा. मातीच्या गिलाव्यांत बसविलेल्या विटा, शेणानें सारवलेली लाल जमीन, सालवृक्षाच्या लांकडाच्या तुळया, आणि कौलांच्या फटींतून हळू हळू बाहेर पडणारा चुलीचा धूर. धुरानें तुळया काळ्या होत आणि त्यांस कीड लागत नसे. १५ जानेवारी १९३४ रोजीं, म्हणजे विक्रम संवत् १९९० मध्यें, झालेल्या भूकंपांत नेपाळांतील सुमारें साडेआठ हजार माणसें गेलीं आणि भक्तपूरची भयंकर हानि झाली. त्या 'नब्बे साला'च्या भूकंपानंतर बाईंच्या आजोबांनीं ढिगाऱ्यांतील त्याच विटा, तीच माती घेऊन घर पुन्हां उभें केलें. म्हणून घर नवें झालें तरी वास जुनाच राहिला. २०१५ नंतर तसें झालें नाहीं. मातीच्या भिंतींनीं माणसें गाडलीं हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्यास पुन्हां मातीचें घर बांध असें सांगण्याचा अधिकार कोणास आहे? बाईंच्या भावानें सिमेंटचे खांब घातले, आणि तें योग्यच केलें. त्याच वर्षीं शरद् ऋतूंत सीमेवरील वाहतूक महिनोन्‌महिने खुंटली, गॅस मिळेना, तेव्हां काठमांडूंत लोकांनीं अंगणांत पुन्हां लांकडें पेटविलीं. धूर परत आला. पण तो घराचा नव्हता, टंचाईचा होता.

शास्त्रज्ञ सांगतात कीं, डोळ्याकानांच्या संवेदना मेंदूंत थॅलॅमस नांवाच्या मधल्या ठाण्यावरून पुढें जातात. गंधास प्रथम तो वळसा नाहीं. भावना व स्मृति यांच्या केंद्रांशीं त्याचा संबंध अगदीं जवळचा आहे. गंध कसा ओळखला जातो याच्या संशोधनाबद्दल रिचर्ड अॅक्सेल व लिंडा बक यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु वास मेंदूंत शिरतो कसा हें कळलें, म्हणून तो वास घरांत टिकेल असें नाहीं. पडलेल्या देवळांच्या विटा मोजल्या जातात, नकाशे पाहून तीं पुन्हां बांधलीं जातात. भक्तपुरांत तसें पुष्कळ कामहि झालें आहे. पण स्वयंपाकघराचा वास कोणत्याहि नकाशांत नसतो. तो जाणारें माणूस गेलें कीं जातो, आणि तो गेला हेंहि कोणास कळत नाहीं. म्हणून वाचकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, घरांत वृद्ध माणसें असतील तर त्यांस बसवून त्यांच्या घराचे वास विचारावे आणि लिहून ठेवावे. अशा एका कागदावरून कोणता माल कोठून येई हें पुढच्या अभ्यासकांस कळेल. आणि घरच्यांस तर त्याहून पुष्कळ कळेल.

घराचा नवा आराखडा काढला तेव्हां भावानें दूरध्वनीवरून बाईंस विचारलें होतें, "स्वयंपाकघर पूर्वींसारखें वर ठेवूं कीं खालीं?" नेवार वस्तींतील कित्येक नव्या घरांतहि तें अद्याप वरच असतें. पण आईचे गुडघे दुखतात; तिच्यानें तीन जिने चढवत नाहींत. बाईंनीं उत्तर दिलें, "खालींच ठेव." हें मला सांगतांना त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. मग त्या उठल्या, आणि एका कागदाच्या पुडींत थोडा जिंबू बांधून त्यांनीं तो आमच्या घरीं दिला. तूप चांगलें कढूं द्यावें, आणि पानें टाकतांच झांकण ठेवावें, असें त्यांनीं दोन वेळां बजावून सांगितलें.