चंदनाचे सोबती

चंदन म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सहाण उभी राहते. स्वतः झिजून दुसऱ्यास गंध देणारे खोड, ही त्याची आपल्याकडील ठरलेली प्रतिमा. परोपकारी माणसाविषयी बोलताना ‘तो चंदनासारखा झिजला’ असे आपण सहज म्हणून जातो. मात्र सहाणेवर येण्यापूर्वी हे झाड रानात कसे जगत असते, याचा विचार क्वचितच होतो. तो केला म्हणजे आढळते ते असे, की दात्यांचा मुकुटमणी मानलेले हे झाड स्वतः शेजाऱ्यांच्या आधारावाचून उभे राहू शकत नाही.

या शेजारधर्माचा अभ्यास ज्या भूमीत झाला, ती मराठी इतिहासास परकी नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. होसकोटे व कोलार हे मुलूखही त्याच जहागिरीतले. आज बंगळूरच्या पूर्वेस महादेवपुरा हा संगणक-उद्योगाचा गजबजलेला भाग आहे. त्याच्या उत्तरेकडून जाणारा जुना मद्रास रस्ता होसकोट्यास पोहोचतो. तेथे जवळच गोट्टिपुरा येथे बंगळूरच्या काष्ठविज्ञान संस्थेचे संशोधनक्षेत्र आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या चंदनवृक्षांचे वाण तेथे अभ्यासासाठी जतन केलेले आहेत.

चंदन हे अर्धपरोपजीवी झाड होय. त्याची पाने हिरवी असतात आणि आपले अन्न ती स्वतः तयार करतात. परंतु पाणी व क्षार यांसाठी त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि तेथे शोषक गाठी धरतात. ही गोष्ट १८७१ मध्ये जॉन स्कॉट याने कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात प्रथम दाखवून दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात बार्बर यांनी या गाठींची बारकाईने तपासणी केली, आणि १९११ मध्ये एम. रामराव यांनी चंदनाच्या यजमान वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. आज अशा तीनशेहून अधिक वनस्पती ज्ञात आहेत. रोप लहान असताना तुरीसारखे झुडूप त्यास पुरते. पुढे करंज, सुरू, कडुनिंब, बाभूळ, शिरीष असा दीर्घायुषी सोबती हवा असतो. सोबती फार दाट झाला तर चंदन सावलीत खुरटते. सोबतीच नसला तर ते पिवळे पडते. म्हणून चंदनाची लागवड करणाऱ्यास एका झाडाची नव्हे, तर एका लहानशा रानाची आखणी करावी लागते. पिकून काळीजांभळी झालेली फळे खाऊन पक्षी बी दूरवर टाकतात, आणि काटेरी झुडपांच्या आडोशाला रोपे गुरांच्या तोंडून वाचतात.

राज्यसत्तेने मात्र या झाडाकडे बहुधा खोड म्हणूनच पाहिले. १७९२ मध्ये टिपूने चंदन हा राजवृक्ष ठरविला, आणि पुढील राजवटींनी तोच हक्क चालू ठेवला. पहिल्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली. तेव्हा भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो व वॉटसन यांच्या प्रयोगांच्या आधारे म्हैसूर संस्थानाने तेल काढण्याचे कारखाने उभारले. पण तोवर रानात एक रोग शिरला होता. १८९९ मध्ये कोडगूत त्याची प्रथम नोंद झाली. त्यात पाने बारीक व ताठ होतात, फांदी कणसासारखी दिसू लागते, आणि झाड काही वर्षांत मरते. कलमाद्वारे हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, हे १९१७ मध्ये कोलमन यांनी दाखविले. त्याच्या मुळाशी विषाणू नसून सूक्ष्म जिवाणूंसारखे जीव आहेत, हे १९६९ मध्ये उमगले. खात्रीचा उपाय मात्र अजून हाती आलेला नाही.

१९३८ मध्ये म्हैसूर संस्थानाने बंगळुरात वनसंशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. १९७७ मध्ये तेथे चंदन संशोधन केंद्र आले, आणि १९८८ मध्ये त्यातूनच काष्ठविज्ञान संस्था उदयास आली. दरम्यान कायद्याचा पहारा कडक होता. खाजगी शेतातील चंदनही सरकारचे. परिणाम उलटाच झाला. चोरट्यांचे फावले, आणि नसती कटकट नको म्हणून शेतकरी आपल्या बांधावर उगवलेले रोप उपटू लागला. अखेर २००१ मध्ये कर्नाटकाने कायदा बदलून जमीनधारकास झाडाची मालकी दिली. तोपर्यंत, म्हणजे १९९८ मध्येच, जगातील संकटग्रस्त वृक्षांच्या यादीत चंदनाचे नाव गेले होते.

शासनाने चंदन मोजले ते खोडांनी. संशोधकांनी मोजले ते सोबत्यांनी. दोन शतकांच्या अनुभवाने दुसरी मोजणी खरी ठरली आहे. कुंपण घालून खोड काही काळ राखता येईल. परंतु भोवतालचे करंज-बाभळी, बी नेणारे पाखरू आणि बांधावरील रोपास जगू देणारा शेतकरी हे नाहीसे झाले, तर त्या कुंपणाच्या आत राखण्यासारखे काही उरणार नाही. बंगळूर शहर होसकोट्याच्या दिशेने वाढत आहे, तेव्हा गोट्टिपुऱ्यासारख्या क्षेत्रांचे मोल त्यांतील लाकडाच्या भावावरून ठरवू नये. दुसऱ्यासाठी झिजण्याचा धडा आपण चंदनाकडून फार पूर्वी घेतला. दुसऱ्याच्या आधाराने जगण्याचा धडा अजून घ्यावयाचा आहे.